वजन वाढण्यात रक्ताचा वाटा किती, राहणीचा किती? खान्देशातले नेहमीचे प्रश्न

आमच्या घराण्यात सगळेच अंगाने भरलेले. म्हणजे हे रक्तातच आहे ना?

काही अंशी हो. जुळ्या भावंडांवर आणि दत्तक मुलांवर झालेल्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांच्या वजनात जो फरक असतो, त्यातला साधारण ४० ते ७० टक्के फरक आनुवंशिकतेतून येतो. १९८६ मध्ये डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक गेलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांची अंगकाठी जन्मदात्या आईबापांशी जुळत होती. ज्यांच्या घरी ती वाढली, त्यांच्याशी जुळत नव्हती.

पण आपल्याकडे घराण्यातून रक्ताबरोबर आणखीही बरंच येतं. फोडणीला तेल किती, पोळीला तूप किती, पाहुण्याला ‘अजून एक घ्या’ किती वेळा म्हणायचं, हे सगळं सासूकडून सुनेकडे येतं. सून रक्ताची नसते, तरी दहा वर्षांत तीही घराण्यासारखीच दिसायला लागली, तर दोष जनुकांना देता येत नाही. घरातल्या सुनांकडे बघा. सगळ्यात सोपी चाचणी तीच.

७० टक्के आनुवंशिक म्हणजे माझ्या ८० किलोंतले ५६ किलो आईवडिलांचे?

नाही. हा गैरसमज सगळीकडे आहे, शिकलेल्यांतसुद्धा. हा टक्का एका माणसाच्या वजनाचा नसतो. तो माणसामाणसांतल्या फरकाचा असतो.

कपाशीचं घ्या. एकाच शेतात, एकच पाणी, एकच खत, पण चार वाणांचं बियाणं लावलं, तर झाडांच्या उंचीतला जवळजवळ सगळा फरक बियाण्याचा. आता एकाच वाणाचं बियाणं तापीकाठच्या काळ्या जमिनीत ठिबकवर लावलं आणि तेच मुरमाड कोरडवाहूत लावलं, तर सगळा फरक जमिनीचा आणि पाण्याचा. बियाणं तेच, टक्का मात्र बदलला. सगळ्यांना सारखंच भरपूर खायला मिळायला लागलं की आनुवंशिकतेचा टक्का वाढलेला दिसतो, कारण मग फरक पाडायला बियाणंच उरतं.

जनुकं नेमकं काय करतात? चरबी बनवतात का?

चरबी जास्तीच्या खाण्यातूनच बनते. जनुकांचं बरंचसं काम मेंदूत चालतं: भूक किती लागावी, पोट भरल्याची खूण कधी मिळावी, समोर ताट दिसलं की हात किती ओढला जावा. म्हणून एकाच पंगतीत एकाचं दोन पोळ्यांत ‘बस’ होतं आणि शेजारच्याला पाचव्या पोळीपर्यंत ती खूणच मिळत नाही. दुसरा हावरट आहे असं लोक म्हणतात. खरं तर त्याच्या मेंदूला ती घंटा उशिरा ऐकू येते.

एफटीओ या जनुकाचा वजनाशी संबंध २००७ मध्ये उघड झाला. त्याचा वजन वाढवणारा प्रकार आई आणि वडील दोघांकडून आला असेल, तर वजन सरासरी ३ किलोने जास्त असतं. एवढंच. सगळ्यात प्रसिद्ध ‘लठ्ठपणाचं जनुक’ ३ किलोंचं आहे, ३० किलोंचं नाही. तेही शरीराची हालचाल भरपूर असलेल्यांत कमी जोर धरतं. सव्वादोन लाखांच्या आसपास माणसांची माहिती एकत्र केल्यावर त्याचा परिणाम जवळपास पाव हिश्शाने उतरलेला दिसला.

चरबी कुठे साठणार, हेही बरंचसं जनुकं ठरवतात. एमसी४आर या जनुकाजवळचा एक बदल भारतीय वंशाच्या लोकांत जास्त आढळतो आणि त्याचा संबंध कंबरेच्या घेराशी आहे, हे २००८ मध्ये दिसलं.

आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९९० मध्ये कॅनडात तरुण जुळ्यांच्या १२ जोड्यांना १०० दिवसांत ८४ दिवस रोज १००० कॅलरी जास्त खायला घातल्या. सरासरी वजन ८.१ किलोंनी वाढलं, पण कुणाचं ४.३ किलो तर कुणाचं १३.३ किलो. जुळ्या भावाभावांत मात्र वाढ बरीच सारखी होती. म्हणजे ‘मी तेवढंच खातो, तरी मलाच का लागतं?’ ही तक्रार खोटी नाही. वजन वाढलं मात्र सगळ्यांचंच, कारण ताट सगळ्यांचंच जास्त भरलं होतं.

मग आमच्या आजोबांचं पोट का नव्हतं? रक्त तर तेच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातल्या १२.६ टक्के स्त्रियांचं वजन जास्त होतं. २०१९-२१ मध्ये तो आकडा २४ टक्क्यांवर गेला. पुरुषांत ९.३ वरून २२.९. पंधरा वर्षांत जनुकं बदलत नाहीत, त्याला हजारो वर्षं लागतात.

बदललं काय, ते आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या तक्त्यात दिसतं. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी लागतात, मध्यम कामाला २७१० आणि जड अंगमेहनतीला ३४७०. स्त्रियांसाठी हेच आकडे १६६०, २१३० आणि २७२०. आजोबा औत हाकायचे, विहिरीचं पाणी मोटेने काढायचे, बाजाराला पायी जायचे. नातू ट्रॅक्टर भाड्याने लावतो, ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवतो, बांधापर्यंत मोटरसायकलवर जातो आणि संध्याकाळी ‘मी शेतकरी आहे’ म्हणून आजोबांच्या मापाने जेवतो. जड आणि बैठ्या कामातला फरक १३६० कॅलरींचा आहे. ताट मात्र शेतावरच्या गड्याचंच राहिलं.

एकाच रक्ताचे दोन भाग वेगळ्या राहणीत गेले की काय होतं, हे पिमा या आदिवासी समाजात दिसलं. मेक्सिकोच्या डोंगरात हाताने शेती करणाऱ्या पिमांमध्ये मधुमेह ६.९ टक्के, तर अमेरिकेत ॲरिझोनात राहणाऱ्या त्यांच्याच भाऊबंदांमध्ये ३८ टक्के. लठ्ठपणातही असंच मोठं अंतर होतं.

आमच्या घरात रक्त किती आणि सवय किती, हे कसं ओळखायचं?

नेमका टक्का कुणालाच काढता येत नाही. अंदाज मात्र बांधता येतो. एक कोरा कागद घ्या आणि आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावश्या, भावंडं, चुलत-मामे भावंडं सगळी लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी टाका: वजन वाढायला लागलं तेव्हाचं वय, तेव्हा आयुष्यात काय बदललं, आणि चरबी कुठे आहे, पोटावर की सगळ्या अंगावर. जुने लग्नाचे फोटो काढा. आठवणीपेक्षा फोटोवर विश्वास ठेवा.

मग कागद वाचा. वजन लहानपणापासूनच जास्त, वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या घरांत राहणाऱ्या भावंडांचंही तसंच, आणि कष्टाचं काम करणाराही त्यातून सुटलेला नाही, असं असेल तर रक्ताचा वाटा मोठा. सगळे पंचविशीपर्यंत काटक आणि मग लग्न, नोकरी, दुकानाचा गल्ला किंवा पहिली मोटरसायकल आल्यावर सुटलेले, तर राहणीचा वाटा मोठा. बहुतेक कागदांवर दोन्ही सापडतं. घरातला एखादा भाऊ सैन्यात किंवा पोलिसात असेल तर त्याच्याकडे खास लक्ष द्या. रक्त तेच, राहणी वेगळी. तो सडपातळ असेल तर उत्तर घरातच मिळालं.

सवय मोजायची कशी? आम्ही तर ‘काहीच खात नाही’.

तेलाच्या डब्यापासून सुरुवात करा. कॅलरींची वही लिहिणं आठ दिवसांत सुटतं. डबा मात्र खोटं बोलत नाही.

नवीन १५ किलोंचा डबा फोडला की झाकणावर मार्करने तारीख टाका. संपला की दिवस मोजा. हिशोब असा: १५,००० ग्रॅम भागिले दिवस, भागिले घरातली जेवणारी माणसं. पाच माणसांचा डबा ७५ दिवसांत संपला, तर माणशी रोज ४० ग्रॅम तेल, म्हणजे ३६० कॅलरी. महिन्याला माणशी अर्धा लिटर ही नेहमी सांगितली जाणारी मर्यादा धरली तर रोजचे साधारण १५ ग्रॅम होतात. त्या मापाने पाच जणांना हा डबा सहा महिन्यांहून जास्त पुरायला हवा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा दिवाळीला पाहुणे जेवले असतील, तळणीचं तेल टाकून दिलं असेल, तर तेवढं वजा करा. दूध पिणारं बाळ माणसांत धरू नका.

४० आणि १५ मधला फरक रोज सव्वादोनशे कॅलरींचा. रोजच्या १०० जास्त कॅलरी कायम चालू राहिल्या तर वजन हळूहळू साडेचार किलोंच्या आसपास वाढून थांबतं. निम्मी वाढ पहिल्या वर्षात होते, उरलेली पुढच्या दोन-तीन वर्षांत. त्या मापाने नुसत्या डब्यातल्या फरकाचे दहा किलो होतात. आणि हे ‘काहीच न खाता’.

तेल कमी करायचं तर बाटलीतून ओतणं आधी बंद. १५ मिलीचा मोठा चमचा डब्यातच ठेवा. एक चमचा म्हणजे सुमारे १२० कॅलरी. पाच जणांच्या भाजीला दोन चमचे, वरणाच्या फोडणीला एक. पहिले पंधरा दिवस भाजी करपते. कारण सवय मोठ्या आचेची असते आणि कमी तेलात मसाला तळाला धरतो. आच मंद ठेवा, जाड बुडाची कढई घ्या, कांदा परतताना पाण्याचा हबका मारा.

शेव भाजी, भरीत, बट्टी... म्हणजे खान्देशी जेवणच बंद करायचं?

बंद करून कुणी टिकत नाही. प्रत्येक पदार्थात वजन कुठून येतं ते बघा.

शेव भाजीत दोन ठिकाणांहून: शेव आणि तर्री. १०० ग्रॅम शेवेत साधारण ५५० कॅलरी असतात, म्हणजे ताटात पडणाऱ्या ५० ग्रॅमच्या पौणे तीनशे. वर लाल तर्रीचे दोन चमचे आले की आणखी दोनशेच्या पुढे. रस्सा दहा मिनिटं न ढवळता ठेवा. तर्री वर येते, ती डावाने बाजूच्या वाटीत काढा आणि पुढच्या फोडणीला वापरा. शेव मुठीने टाकण्याऐवजी वाटीने टाका.

भरिताचं वांगं बिचारं निर्दोष आहे. भाजलेल्या गरात मुख्यतः पाणी आणि चोथा. जड होतं ते वरून घातलेलं तेल, मूठभर शेंगदाणे (३० ग्रॅममध्ये १७० कॅलरी) आणि सोबतच्या पुऱ्या यांनी. थंडीतल्या भरीत पार्टीत पुरीऐवजी कळण्याची भाकरी घेतली, तर कमी खाण्यात पोट भरतं. ज्वारीत सालासकट उडीद दळलेला असल्यामुळे तिच्यात प्रथिनं आणि चोथा जास्त. ती चावायला वेळ लागतो, आणि ज्यांच्या मेंदूची घंटा उशिरा वाजते त्यांना हा वेळच हवा असतो. ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत सव्वादोनशेच्या आत कॅलरी असतात. पण ‘भाकरी हलकी’ म्हणून चार खाल्ल्या तर नऊशेच्या आसपास झाल्याच.

बट्टीचं गणित तळणीत आहे. उकडून कापून तळलेली बट्टी तेल पिते. गोवऱ्यांवर किंवा ओव्हनमध्ये भाजलेली पीत नाही. वर एक लहान चमचा तूप म्हणजे ४५ कॅलरी. ते घ्या. अडचण वाटीभर तुपात बट्टी कुस्करण्याची आहे.

केळ्यावर उगाच आळ येतो. सोललेलं शंभर ग्रॅमचं केळं साधारण शंभर कॅलरींचं. केळ्याचे वेफर्स १०० ग्रॅम खाल्ले तर पाचशेच्या वर. रावेर-यावलचं केळं खा, त्याचे वेफर्स पाहुण्यांना द्या.

कानबाईचे रोट, पोळ्याची पुरणपोळी, आखाजीचा आमरस यांनी कुणी लठ्ठ होत नाही. वर्षातले ते दहा-बारा दिवस. चहाबरोबरची रोजची खारी, टोस्ट आणि फरसाण यांचे दिवस तीनशे पासष्ट असतात. अमेरिकेत २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं आणि दोन आठवडे साधं घरच्यासारखं खाणं मनाला येईल तेवढं खायला दिलं. कारखान्याच्या खाण्यावर ते रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेले. उशिरा वाजणारी घंटा असल्या खाण्यासमोर जवळजवळ वाजतच नाही.

माझं वजन बेताचंच आहे, फक्त पोट सुटलंय. मला काळजी करायचं कारण आहे का?

आहे, आणि काही वेळा अंगाने भरलेल्या माणसापेक्षा जास्त. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे जगापुढे ठळकपणे मांडलं. २००४ मध्ये त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २२.३, पण अंगातली चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. कपड्यांतून काही दिसत नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली ३.५ किलोंची. पण कमी होतं ते स्नायू आणि पोटातल्या अवयवांत. चरबी त्या मानाने राखलेली होती.

म्हणून भारतीयांसाठी मापं कडक आहेत. बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. १६२ सेमी उंची आणि ६६ किलो वजन असेल तर ६६ भागिले (१.६२ × १.६२), म्हणजे २५.१. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेमी आणि बायकांत ८० सेमीच्या आत हवा.

घेर मोजताना बहुतेक चुका जागेच्या होतात. सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही न खाता मोजा. हाताने शेवटची बरगडी चाचपा, मग कंबरेच्या हाडाचा वरचा काठ. दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा, दोन्ही बाजूंना. शिंप्याची टेप त्या खुणांवरून जमिनीला समांतर फिरवा. आरशात पाठीमागून बघा, टेप मागे खाली घसरलेली असते. श्वास नेहमीसारखा सोडा आणि वाचा. पोट आत ओढू नका. परकराच्या नाडीचा किंवा पँटच्या पट्ट्याचा वळ जिथे उठतो ती जागा धरू नका. पोट सुटलेल्या पुरुषाची पँट पोटाखाली उतरते, म्हणून ३४ ची पँट घालणाऱ्याचा खरा घेर ४० इंचही निघतो.

धडगाव-अक्कलकुवा भागात कुपोषण आहे. तिथे लठ्ठपणाची चर्चा कशाला?

कारण दोन्हींचा धागा एक आहे. आईच्या पोटात उपासमार सोसलेलं बाळ काटकसरीची तयारी करून जन्माला येतं. पुढे खाणं मुबलक झालं की ती काटकसर अंगावर येते. याला जनुकांचा बदल म्हणत नाहीत, पण जनुकं कशी वापरली जातात ते बदलतं. त्यामुळे ‘रक्त की राहणी’ या भांडणात आईच्या गरोदरपणाचे नऊ महिने तिसरा पक्ष म्हणून धरायला हवेत.

दिल्लीत जन्मापासून पाहिलेल्या मुलांच्या अभ्यासात (२००४) मोठेपणी शुगर वाढलेली माणसं दोन वर्षांपर्यंत बारीक होती आणि त्यानंतर बालपणात झपाट्याने जाड झाली होती. याचा अर्थ कुपोषित मुलाला कमी खायला द्यायचं, असा मुळीच नाही. दोन वर्षांपर्यंत आईचं दूध आणि सहा महिन्यांनंतर वरण, अंडं, भाजी, तेलाचा थेंब असं पोटभर द्या. उंची आणि वजन बरोबरीने वाढू द्या. आश्रमशाळेत किंवा शहरात गेल्यावर त्याच मुलाच्या हातात रोज पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट येतं, तिथे सावध व्हा.

बाळंतपणानंतर वाढलेलं वजन आनुवंशिक असतं का?

क्वचित. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. ५० ग्रॅमच्या डिंकाच्या लाडवात अडीचशेच्या आसपास असतात. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, शिवाय शिरा, तूप आणि सवा महिना खाटेवर, म्हणजे हिशोब दुपटीने चुकला. रोज एक लाडू ठेवा, बाकी भूक डाळ, दूध, भाजी, अंडी यांनी भागवा. पाजणं थांबलं की लाडूही थांबतात, हे घरातल्या मोठ्यांना विसरायला होतं.

थायरॉइडमुळे वजन वाढलंय असं सांगतात.

थायरॉइड कमी पडल्याने सहसा २ ते ५ किलो वाढतात, तेही बरंचसं मीठ-पाण्याचं. २० किलो वाढले असतील तर थायरॉइड एकटा गुन्हेगार नाही.

औषधांकडे मात्र बघा. स्टेरॉइड, इन्सुलिन, ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्या, मानसिक आजारावरचं ओलान्झापिन, फिटवरचं व्हॅलप्रोएट, नैराश्यावरचं अमिट्रिप्टिलिन यांनी वजन वाढतं. डॉक्टरांना पर्याय विचारा. स्वतःहून बंद करू नका, स्टेरॉइड तर अजिबात नाही, अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांतही स्टेरॉइड निघालेलं आहे. चेहरा गोल चंद्रासारखा, हातपाय काडीसारखे आणि पोटावर रुंद जांभळट रेषा दिसल्या, तर पुडी घेऊनच दवाखान्यात जा.

चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो, म्हणून वजन वाढतं ना?

२०२१ मध्ये हजारो लोकांची मोजमापं एकत्र करून पाहिलं गेलं. अंगाच्या मापाच्या हिशोबात शरीराचा कॅलरींचा खर्च, म्हणजेच मेटाबॉलिझम, २० ते ६० वर्षांपर्यंत जवळपास सारखाच राहतो, साठीनंतर हळूहळू उतरतो. चाळिशीत मंदावतात ते पाय.

रात्रीच्या लाइटीला पाणी भरायला जावं लागतं. झोपेचा वजनाशी संबंध आहे?

चांगलाच. झोप अपुरी झाली की भूक लावणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन उतरतं. २०२२ मधल्या एका प्रयोगात कमी झोपणाऱ्या जाड माणसांची झोप रोज सुमारे सव्वा तासाने वाढवली. आहाराचा सल्ला काहीच दिला नव्हता, तरी ते दिवसाला सरासरी २७० कॅलरी कमी खाऊ लागले. पंपाची पाळी रात्रीची असेल त्या आठवड्यात दुपारी अंधाऱ्या खोलीत दीड तास सलग झोपा. बांधावर जाताना फरसाणाची पुडी न नेता भाजलेले फुटाणे न्या. रात्री दोन वाजता लागणारी भूक खरी असली, तरी ती मोठी नसते.

मे महिन्यात ४४-४५ अंश असतं. चालायचं कधी?

सकाळी सातच्या आत, नाहीतर नाहीच. उन्हात हट्टाने चालणं व्यायामात मोडत नाही. उन्हाळ्यात घरातच खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १२ वेळा, भिंतीला टेकून जोर १२, पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या उचलणं १२, असे तीन फेरे आठवड्यातून तीनदा करा. आपल्या लोकांत कमतरता स्नायूंचीच आहे, त्यामुळे नुसत्या चालण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. अर्ध्या तासाच्या झपझप चालण्यात सव्वाशे-दीडशेच्या आसपास कॅलरी जातात, म्हणजे अर्धी वाटी शेवेच्या आतच. चालून आल्यावर कचोरी खाणाऱ्यांचं गणित इथेच फसतं.

पोरगं चार वर्षांचं आहे, सारखी भूक भूक करतं, वजन फार आहे. लाडाने झालंय की आजार आहे?

पाच वर्षांच्या आत वजन झपाट्याने वाढलं, जेवून अर्ध्या तासात पुन्हा रडून खायला मागतं, रात्री उठून अन्न शोधतं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सोबत यांतलं काही असेल तर उशीर नको: तान्हेपणी अंग ढिलं आणि दूध ओढायला त्रास, उंची खुंटलेली, बोलणं-चालणं मागे, हातापायाला सहावं बोट, अंधारात नीट न दिसणं. एकाच जनुकाच्या दोषाने होणारे हे आजार विरळ आहेत. त्यातले काही नात्यात लग्न झालेल्या घरांत जास्त दिसतात, म्हणून नातं असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. काहींवर नेमका उपचार आहे. लेप्टिन तयारच न होणाऱ्या मुलांना ते टोचून दिल्यावर भूक अक्षरशः शांत होते.

जनुकीय चाचणीची जाहिरात बघितली. करावी का?

वरच्यासारखं मूल असेल आणि तज्ज्ञाने सांगितलं असेल तर करा. बाकीच्यांनी पैसे ठेवून द्यावेत. २०१८ पर्यंत सापडलेले वजनाशी संबंधित ९४१ जनुकीय बदल एकत्र केले तरी माणसामाणसांतला फक्त ६ टक्के फरक समजत होता. घराण्याचा कागद आणि तेलाचा डबा त्याहून जास्त सांगतात. ‘तुमच्या जनुकांनुसार आहार’ म्हणून हातात पडतो तो तक्ता बहुधा सगळ्यांना एकच असतो.

दहा किलो कमी केले, वर्षात परत आले. म्हणजे शेवटी रक्तच जिंकलं?

शरीराने नुकसान भरून काढलं. चरबी घटली की लेप्टिन उतरतं, भूक वाढते आणि शरीर खर्चात कपात करतं. हे आळशाचंही होतं आणि शिस्तीच्या माणसाचंही. फार झपाट्याने, उपास करून उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात, परत येते ती मात्र बहुतेक चरबी. म्हणून सहा महिन्यांत वजनाच्या ५ ते ७ टक्के उतरवा, मग सहा महिने नुसतं टिकवा. ८० किलोंच्या माणसाला हे ४ ते ५.५ किलो होतात. ऐकायला थोडे वाटतात, पण शुगर आणि रक्तदाबाला तेवढ्यानेही फरक पडतो. ज्यांचा घराण्याचा कागद रक्ताकडे झुकलेला आहे, त्यांनी शेजाऱ्याच्या वजनाशी बरोबरी लावूच नये.

वजन उतरवणारी ती आठवड्याची इंजेक्शनं आमच्यासारख्यांना चालतात का?

सेमाग्लुटाइडसारखी औषधं भुकेच्या त्या घंटेवरच काम करतात. चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन-तृतीयांश परत आलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. गरोदरपणात, स्वादुपिंडाला पूर्वी सूज आलेली असताना किंवा घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झालेला असेल तर आधी तसं सांगा. औषध चालू असताना भूक मरते आणि माणूस डाळ-अंडीही सोडतो, मग स्नायू उतरतात. जेवणाची सुरुवात डाळ, दही, अंडं, पनीर किंवा मासळीने करा, भाकरी नंतर.

साठवणूक आपल्या भागात विशेष अवघड आहे. इंजेक्शनचं न वापरलेलं पेन २ ते ८ अंशांत लागतं. जळगावहून गावी नेताना थंड पाकीट टॉवेलात गुंडाळा आणि पेन त्याला थेट टेकू देऊ नका, टेकून गोठलं तर ते फेकावंच लागतं. फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका, मधल्या फळीवर डब्यात ठेवा. मोटरसायकलच्या डिकीत तर एक तासही नको.